खुणेचे दगड लागले, आता पुढे काय? : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत, हायवे, पूल, मेट्रो. कुणाची जमीन जातेय, कुणाची बोट अडतेय, कुणाच्या भिंतीला तडा गेलाय आणि एक पत्र तर पलीकडच्या बाजूचं, साइटवर नोकरी करणाऱ्या इंजिनिअरचं. मी स्वतः बरीच वर्षं भूसंपादनाच्या मोजणीत काम केलंय, नकाशा आणि टेप घेऊन लोकांच्या बांधावर उभा राहिलोय, त्यामुळे ही पत्रं वाचताना त्यातली माणसं डोळ्यासमोर आली. मोठी उत्तरं लागतील तिथे मोठी दिलीत, बाकी थोडक्यात. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गावातून नवीन नॅशनल हायवे जातोय. आमची सव्वातीन एकर बागायत आहे, त्यातली साधारण सव्वा एकर जाणार, पण रस्ता बरोबर मधून जातोय म्हणजे विहीर एका बाजूला आणि डाळिंब दुसऱ्या बाजूला. गावात दोन गट पडलेत, एक म्हणतो पैसे घ्या आणि गप्प बसा, दुसरा म्हणतो मोजणीच होऊ द्यायची नाही. वडील रात्री झोपत नाहीत. आम्ही काय करावं? (शेतकरी, सोलापूर जिल्हा)

दादा, आधी एक सांगतो, पैसे घ्या आणि मोजणी होऊ देऊ नका, या दोन्हीच्या मध्ये बरीच जागा आहे आणि तुमचं सगळं काम त्या मधल्या जागेतच आहे.

नॅशनल हायवेचं भूसंपादन १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने होतं. त्यात पहिली नोटीस असते कलम ३अ ची, ती राजपत्रात येते आणि दोन पेपरमध्ये छापतात, त्यातला एक स्थानिक भाषेतला असतो. तिथून २१ दिवसांत लेखी हरकत द्यायची. गावोगाव चूक होते ती इथेच, कारण पेपर कुणी वाचत नाही, नोटीस चावडीवर लागून पावसात भिजून जाते आणि लोकांना कळतं ते दगड लागल्यावर, तोपर्यंत २१ दिवस गेलेले असतात. तुमचे गेलेत का ते आजच्या आज तपासा. गेले नसतील तर हरकत द्या आणि ती नुसती ‘आमचा विरोध आहे’ एवढी देऊ नका. असं लिहा की गट नंबर अमुक, विहीर या बाजूला राहते, बाग त्या बाजूला, पाइपलाइन रस्त्याखालून जाते, ती चालू ठेवायला मोरी किंवा केसिंग पाइप द्या, ट्रॅक्टर आणि जनावरं पलीकडे न्यायला अंडरपास नाहीतर सर्व्हिस रोड द्या. सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा, विहिरीचा आणि बागेचा फोटो जोडा आणि पोच घ्या, शिक्का आणि इनवर्ड नंबर असलेली. पोच नसेल तर तुम्ही हरकत दिलीच नाही असं समजा.

नंतर येते ३ड ची अधिसूचना, ती निघाली की जमीन केंद्र सरकारकडे वर्ग होते. ३अ पासून एका वर्षात ३ड निघाली नाही तर आधीची नोटीस रद्द होते, तेव्हा या दोन्ही तारखा लिहून ठेवा. आणि जमीन कागदावर वर्ग झाली म्हणून दुसऱ्या दिवशी जेसीबी घालता येत नाही, ठरलेला मोबदला आधी जमा करावा लागतो आणि मग ताब्यासाठी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. हे ठेकेदाराच्या माणसाला शांतपणे सांगता आलं ना, की अर्धी भांडणं बांधावरच मिटतात.

आता संयुक्त मोजणीचं, म्हणजे वेगवेगळ्या खात्यांची माणसं एकत्र येऊन जागेवर करतात ती. त्या दिवशी घरातलं कुणीतरी हजर पाहिजेच पाहिजे. मोजणी अडवणाऱ्या गावांत मी काय झालेलं पाहिलंय तर पोलीस बंदोबस्तात मोजणी होते, मालक बाजूला, आणि कागदावर येतं ते घाईत दिसेल तेवढंच. बोअरवेल राहून जाते, ड्रिप राहतं, जमिनीखालची पाइपलाइन तर कुणाला दिसतच नाही. एका गावात एक आजी आमच्यामागे अख्खा दिवस फिरली होती, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, आणि प्रत्येक झाडापाशी थांबून सांगायची, हा आंबा केसर आहे, बारा वर्षांचा आहे, फळाला लागलाय, नुसता आंबा लिहू नका. तिचं बरोबर होतं. फळझाडांचं मूल्यांकन कृषी खातं करतं, इमारती लाकडाचं वन खातं, घर-गोठ्याचं बांधकाम खातं, आणि ते सगळे आधार घेतात तो मोजणीच्या तक्त्याचा. तक्त्यात वय आणि जात नसेल तर फळाला लागलेलं झाड रोपटं धरलं जातं. तेव्हा तक्ता वाचल्याशिवाय सही करू नका, आणि काही राहिलं असेल तर सहीच्या वर लिहा की अमुक अमुक नोंद राहिली आहे.

मोबदल्याचं म्हणाल तर १ जानेवारी २०१५ पासून हायवेलाही २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे मोबदल्याचे नियम लागू आहेत. बाजारभाव, ग्रामीण भागात त्याला १ ते २ मधल्या गुणांकाने गुणायचं, तो राज्य ठरवतं, त्यात झाडं-विहीर-बांधकामाची किंमत, आणि या सगळ्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. बाजारभाव काढताना आधीच्या तीन वर्षांतली आसपासची खरेदीखतं बघतात, आणि गडबड होते ती इथे, कारण आपल्याकडे खरेदीखतात खरा आकडा कुणी टाकत नाही, मग तोच कमी आकडा आपल्या अंगावर येतो. तरी दुय्यम निबंधकाकडून गावातल्या आणि शेजारच्या गावातल्या चांगल्या दराच्या खरेदीखतांच्या नकला काढा. आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जमिनीचे तुकडे झाल्याने उरलेल्या जमिनीचं जे नुकसान होतं तेही मोबदल्यात धरायची तरतूद हायवेच्या कायद्यातच आहे. विहीर तुटल्यावर डाळिंबाची जमीन जिरायत झाली, हे नुकसान आहे, मागा. न मागता ते कुणी देत नाही.

निवाडा, म्हणजे मोबदल्याचा ठरलेला आकडा, कमी आला तर पैसे उचला पण ‘हक्क राखून स्वीकारले’ असं लिहून उचला आणि लवादाकडे अर्ज करा. लवाद केंद्र सरकार नेमतं, सहसा जिल्हाधिकारी किंवा विभागीय आयुक्त असतात. वेळ लावू नका.

वडिलांना सांगा, झोप लागत नाही ती जमिनीसाठी, तो त्यांचा स्वभाव नाही, तो त्यांचा हक्क आहे. पण दोन गटांत गाव फुटलं तर अंडरपास कुणालाच मिळत नाही. दर प्रत्येकाचा वेगळा असेल, मोरी आणि रस्ता सगळ्यांचा एक आहे, निदान तेवढ्यासाठी एका कागदावर सह्या करा.

प्रश्न : वरच्याच संदर्भात विचारतो. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आहे, खाली वडील आणि काका. तीन आत्या आहेत, त्यांची नावं लावलेली नाहीत. मोबदला मिळायच्या आधी त्यांची हक्कसोड करून घ्या असं एजंट म्हणतोय. (तोच शेतकरी)

करू नका असं. म्हणजे आत्या आपणहून, समजून, वाचून देत असतील तर गोष्ट वेगळी, पण भाऊबीजेला बोलवायचं आणि साडी देऊन ‘इथे सही कर गं’ म्हणायचं हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिलाय की आता त्याचा राग येतो.

हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की त्यासाठी २००५ साली वडील हयात असायची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालं असेल तर ते टिकतं. जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली असली तरी मृत्युपत्र नसेल तर वारस म्हणून मुलींचा वाटा आहेच. आणि व्यवहाराची गोष्ट सांगतो, एका जरी आत्याने वाटपावर हरकत घेतली तर तो वाद दिवाणी कोर्टाकडे पाठवला जातो, रक्कम तिथे अडकते, वर्षानुवर्षं. समृद्धी महामार्गाच्या वेळी आधी लँड पूलिंग आणलं, म्हणजे जमीन द्यायची आणि बदल्यात विकसित जमिनीचा वाटा घ्यायचा, शेतकऱ्यांनी विरोध केला, मग २०१७ पासून पाचपट दराने थेट खरेदी सुरू झाली आणि गावागावात एकदम कोटींचे आकडे आले. त्या गावांत रस्त्याचं भांडण मिटलं आणि घरातलं सुरू झालं, सख्खे भाऊ-बहीण तारखेला समोरासमोर उभे राहिले. तुम्ही वारसनोंद आत्ताच पूर्ण करा, आत्यांना बसवून हिशोब सांगा आणि प्रत्येकीचा वाटा तिच्या खात्यात जाईल असं संमतीपत्र करा. एजंटला त्या बैठकीत बसवू नका.

प्रश्न : आमच्या खाडीवर पूल होतोय. साहेब लोक म्हणतात दोन खांबांमधून बोट जाते ना, मग तक्रार कसली. आमच्या सोसायटीचे पुरुष मीटिंगला जातात, आम्हा बायकांना कुणी विचारत नाही. आमचं म्हणणं कसं मांडायचं? (मच्छी विकणारी ताई, रायगड जिल्हा)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

बोट जाते ना, हा प्रश्न नकाशावरून विचारलेला आहे. नकाशात पाणी सपाट असतं. मुंबईत वरळी कोळीवाड्याने हीच लढाई लढली, तिची गोष्ट तुमच्या सोसायटीला सांगा. कोस्टल रोड वरळीला सी लिंकला जोडायचा होता आणि त्या जोडपुलाचे खांब क्लीव्हलँड बंदरातून बोटी बाहेर पडायच्या वाटेत येत होते. पालिकेच्या डिझाइनमध्ये दोन खांबांत ६० मीटर अंतर होतं. कागदावर ६० मीटर म्हणजे खूप वाटतं. पण वाऱ्याच्या दिवशी, ओहोटी लागलेली, एक बोट आत येतेय एक बाहेर जातेय, खांबाजवळ पाणी फिरतं, तिथे इंजिन बंद पडलं तर बोट सरळ खांबावर. हे नाखव्याला सांगावं लागत नाही, त्याच्या हाताला माहीत असतं. कोळी लोकांनी आधी २०० मीटर मागितले, मग १६० वर आले. ऐकलं नाही तेव्हा २०२१ च्या शेवटी बोटी घेऊन समुद्रात गेले आणि त्या भागातलं काम थांबवलं. वर्षभर गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने जाहीर केलं की ८ नंबरचा खांब काढून टाकू, ७ आणि ९ मध्ये १२० मीटर ठेवू. रस्त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. म्हणजे पूलही झाला आणि वाटही राहिली.

मला त्यात खुपतं ते एकच, १२० मीटर २०२२ मध्ये जमलं तर ते डिझाइनच्या टेबलावर पहिल्या दिवशी जमलं असतं. तेव्हा कुणी बंदरावर जाऊन एक दिवस बोटीत बसलं असतं तर? आधी २०१९ मध्ये मच्छीमार सोसायट्या आणि पर्यावरणवाले हायकोर्टात गेले, जुलैमध्ये कोर्टाने पर्यावरणाची परवानगी रद्द केली, डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, पाच महिने काम बंद. हा सगळा वेळ आणि पैसा शेवटी मुंबईकरांचाच गेला.

आता तुमचं. समुद्राचा सातबारा नसतो, म्हणून ‘बाधित’ यादी बनवताना मच्छीमार निसटतात, आणि त्यातही बोटीचं लायसन्स ज्याच्या नावावर तोच धरतात. बाई पहाटे बंदरावर मच्छी घेते, टोपली उचलून बाजारात नेते, ओहोटीला खडकावर कालवं काढते, चिंबोऱ्या धरते, तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. म्हणून कागद आपण तयार करायचा. एक वही घाला, मोठी मुलगी लिहील, कुठल्या तिथीला कुठली मच्छी आली, किती विकली, कुठल्या खडकावर किती जणी होत्या. एक पूर्ण हंगाम लिहा. पुरुषांना सांगा मोबाइलच्या जीपीएसवर बोटीची वाट उमटवून ठेवा, भरतीची वेगळी, ओहोटीची वेगळी, पावसाळ्याआधीची वेगळी. सोसायटीच्या लेटरहेडवर मत्स्यव्यवसाय खात्याला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि पूल बांधणाऱ्या विभागाला पत्र द्या आणि त्यात बायकांची यादी वेगळी जोडा, नाव, वय, कुठल्या बाजारात बसते, किती वर्षं. बाजाराची पावती, पास, काही असेल ते लावा. मागणी स्पष्ट करा, खांबांत अंतर किती, कामासाठी खाडीत टाकलेला भराव किती काळ राहणार, काम संपल्यावर तो काढणार कोण. भराव राहिला की गाळ साचतो आणि खाडीचं तोंड उथळ होतं, ते पूल झाल्यानंतर दोन-तीन वर्षांनी कळतं, तेव्हा ठेकेदार गेलेला असतो.

आणि पुढच्या मीटिंगला जा. बोलावलं नाही तरी जा, दहा-पंधरा जणी मिळून.

प्रश्न : जनसुनावणीला जाऊन काही उपयोग होतो का? सगळं आधीच ठरलेलं असतं. (विद्यार्थी, पालघर)

बरंचसं ठरलेलं असतं हे खरंय, तरी जायचं. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते तिथे किमान ३० दिवस आधी पेपरात नोटीस द्यावी लागते, पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालचा नसलेला प्रतिनिधी अध्यक्ष असतो, सगळं व्हिडिओवर घेतात आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. कोरम, म्हणजे किमान इतके लोक हजर हवेत अशी अट, नसतो, त्यामुळे तुम्ही बहिष्कार टाकून बाहेर बसलात तरी सुनावणी झाली असंच लिहिलं जातं. त्यापेक्षा आत जाऊन बोला, लेखी द्या आणि इतिवृत्तात तुमचं म्हणणं आलंय का ते वाचून होताना कान देऊन ऐका. आलं नसेल तर तिथेच उभं राहून सांगा. पुढे परवानगी निघाली तर राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणाकडे, अपिलाला ३० दिवस असतात, सबळ कारण असेल तर आणखी ६० पर्यंत मिळू शकतात, आणि तिथे उपयोगी पडतं ते हेच रेकॉर्ड. आपल्याकडचं खंडपीठ पुण्यात आहे.

प्रश्न : प्रकल्पाला विरोध करणारे सगळे विकासाच्या आड येतात असं नाही का वाटत? (निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे)

नाही वाटत. १९२१ मध्ये मुळशीचे मावळे, म्हणजे तिथले मावळातले शेतकरी, वीजनिर्मितीच्या धरणाविरुद्ध बसले, सेनापती बापट त्यांच्याबरोबर होते, धरण झालं आणि त्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली. त्या विजेचा उजेड मुंबईला मिळाला, मावळ्याला काय मिळालं? उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये गोळ्या झेलल्या, पाच जण गेले, दि. बा. पाटील त्या आंदोलनाचे नेते होते, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली, नवी मुंबई विमानतळाच्या वेळी ते साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेलं. आज मोबदल्याचा जो काही नियम आपण वाचतो त्यामागे कुणीतरी आड आलेलं आहे. तुमच्या बँकेत एखाद्याने सहीशिवाय खातं बंद केलं असतं तर तुम्ही चालवून घेतलं असतं का?

प्रश्न : मी रस्त्याच्या साइटवर ज्युनिअर इंजिनिअर आहे. गावकरी आठवड्याला काम बंद पाडतात, शिव्या आम्ही खातो, निर्णय वरचे घेतात. काही पुढारी मुरूम-टँकरचं काम आम्हालाच द्या म्हणून दबाव आणतात. नोकरी सोडावीशी वाटते. (इंजिनिअर, मराठवाडा)

सोडू नका, तुमच्यासारख्यांचीच साइटवर गरज आहे, हे मनापासून लिहितोय.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. मुरुमाच्या टेंडरसाठी गाडी अडवणारा आणि शेतात पाणी घुसलं म्हणून गाडी अडवणारा, हे दोघं बऱ्याचदा एकाच घोळक्यात उभे असतात. पहिल्याचं कंपनीच्या वरच्या लोकांना आणि पोलिसांना लेखी कळवा, तोंडी काही कबूल करू नका. दुसऱ्याकडे मात्र त्याच दिवशी स्वतः जा. माझ्या माहितीतल्या एका साइटवर भराव टाकताना जुना ओढा बुजला, मे महिन्यात कुणाच्या लक्षात आलं नाही, जूनच्या दुसऱ्या पावसात एका माणसाचं पेरलेलं सोयाबीन कमरेएवढ्या पाण्यात गेलं. तो तीन वेळा ऑफिसला येऊन गेला होता, ‘साहेब इथून पाणी येतं’ एवढंच सांगायला, आणि त्याला गेटवरूनच परत पाठवलं. चौथ्यांदा तो गाव घेऊन आला. दोन पाइप टाकायचं काम होतं.

तुमच्या हातात जे आहे ते करा. पावसाळ्याआधी म्हाताऱ्या शेतकऱ्यांना घेऊन लाइनवरून चाला, पाणी कुठून येतं ते त्यांना पाठ असतं. कच्च्या रस्त्यावर पाणी मारायची वेळ ठरवा, कापूस फुटलेला असताना धूळ बसली की भाव पडतो. सुरुंग लावायचा असेल तर आदल्या दिवशी गावात दवंडी द्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. एक तक्रार वही गेटवर ठेवा आणि प्रत्येक तक्रारीपुढे काय केलं ते लिहा, अगदी ‘वरिष्ठांना कळवलं, उत्तर नाही’ असं असलं तरी. ती वही उद्या तुम्हालाही वाचवेल.

प्रश्न : आमच्या ऐंशी वर्षांच्या वाड्याजवळून भुयारी मेट्रो जाणार आहे. रात्री काम चालतं. तडे गेले तर कोण भरून देणार? (रहिवासी, पुणे)

काम तुमच्या भिंतीपर्यंत पोचायच्या आत फोटो काढा. प्रत्येक खोली, प्रत्येक कोपरा, आधीच्या तड्यांवर पेन्सिलने तारीख आणि शेजारी पट्टी ठेवून. मेट्रोवाले कामाआधी इमारतींची पाहणी करतात, त्या अहवालाची प्रत लेखी मागा, आणि शक्य असेल तर तुमच्या खर्चाने एका स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल करून वाड्यातल्या सगळ्यांच्या नावे मेट्रोच्या ऑफिसला आधीच पाठवून द्या. नंतर तडा जुना की नवा हा वाद होतो आणि त्यात आधीचा फोटो असलेलाच टिकतो. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून ठेवायची जुनी पद्धत अजूनही चांगली आहे, भिंत हलली की काच तुटते.

रात्रीच्या आवाजाचं म्हणाल तर निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे. मुंबईत भुयारी मेट्रो-३ च्या वेळी कफ परेडकडच्या रहिवाशांच्या तक्रारीवर हायकोर्टाने २०१७ मध्ये रात्रीचं काम थांबवलं होतं, नंतर २०१८ मध्ये ते पुन्हा सुरू करू दिलं, म्हणजे काम कायमचं थांबेल अशी आशा धरू नका, पण आवाज करणारी कामं रात्र व्हायच्या आधी उरकणं, पत्र्याऐवजी आवाज शोषणारे पडदे लावणं, हे मागता येतं. आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर ते अर्जात लिहा. आणि वाड्यात भाडेकरू असतील तर अर्जावर त्यांच्याही सह्या घ्या, मालक-भाडेकरूंची जुनी केस चालू असली तरी घ्या, भिंत दोघांचीही तीच आहे.